बिनखांद्याचा बैल

आमच्या दारात तो ट्रॅक्टर आला तेव्हा टेम्पोतून उतरवून घ्यायला चार माणसं लागली आणि हसायला अख्खी गल्ली जमली. ट्रॅक्टर आपलं म्हणायचं म्हणून म्हणायचं. उंचीनं म्हशीच्या वगारीएवढा. रंग मुळात कुठला होता ते ओळखू येत नव्हतं. बसायच्या जागी नुसता गंजका पत्रा, आणि धुराच्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. माझे सासरे सिद्धलिंगप्पा मात्र टेम्पोमागून अशा थाटात चालत आले, जसं काही घरात नवीन सून आणताहेत.

"मामा, तुम्हाला माझ्या गिरणीचा नट आणायला सोलापूरला धाडलं होतं," मी म्हणाले.

"नट बी आणलाय की," त्यांनी खिशातून नट काढून माझ्या हातावर ठेवला. "आन् ह्यो बी आणलाय. विलायती हाय. आमच्या मिलच्या मॅनेजरच्या बंगल्यात गवत कापायचा. उभी नोकरी मी ह्येचा आवाज ऐकलाय. भंगारात बगितला आन् पाय निघंना बग."

मामा सोलापूरच्या एका कापड गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली, बंगल्यातली बाग वाळली आणि हा गडी शेडमध्ये गंजत पडला. मामा तेवढे गावी परत आले आणि गंजले नाहीत. गावात कुणाचा पंप अडो की शिलाई मशीन, मामा हजर. कामाबरोबर भाषणही फुकट. तोंड बंद ठेवून काम करणारा माणूस मोठा असतो असं लोक म्हणतात. आमचे मामा तोंड उघडं ठेवूनच मोठे आहेत.

मी गिरिजा. अक्कलकोटच्या पुढं आमचं गाव. तिथं मी पिठाची गिरणी चालवते. राग मला लवकर येतो. गिरणीवाल्या बाईला तो यावाच लागतो, नाहीतर लोक निवडल्याशिवाय ज्वारी आणतात. पण त्या दिवशी मी रागावले नाही. मामांनी ते भंगार कशासाठी आणलंय हे मला ठाऊक होतं.

घरामागं आमचा एक चिंचोळा मळा आहे. एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला गोठ्याची भिंत आणि बरोबर मध्ये दोन झाडं, एक लिंबाचं आणि एक सीताफळाचं. लिंबाखाली आमचा बसव्या आहे आणि सीताफळाखाली चन्न्या. ही आमची बैलजोडी. बसव्या म्हातारा होऊन गेला आणि त्याच्या मागोमाग चन्न्यानं वैरण सोडली. माझी सासू निंगव्वा, तिला सगळे अव्वा म्हणतात, तिनं दोघांनाही व्यापाऱ्याच्या नजरेला पडू दिलं नाही. मळ्यातच पुरलं आणि प्रत्येकावर एक रोप लावलं. आता लिंबाला लिंबं लागतात आणि अव्वा त्यातलं एकही विकत नाही. येईल त्याला वाटते.

बैल गेल्यापासून मळा पडून होता. पडीक रानात हराळी माजते. तशी ती माजली आणि बांध ओलांडून शेजारच्या कुमारच्या शेतात शिरली. कुमार भला माणूस. त्याच्याकडं मोठा ट्रॅक्टर आहे. तो म्हणाला, "मी नांगरून देतो की फुकट. पण मधी ती दोन झाडं हायत. माझा ट्रॅक्टर तितं वळत न्हाई. तेवडी काढा." माझा नवरा नंदीश सोलापूरला चादरीच्या कारखान्यात जातो, त्याला रान बघायला वेळ नाही. त्याला कुमारचं पटलं. पटण्यासारखंच होतं. दुसऱ्याच्या रानात आपली हराळी घालणं बरं नव्हे.

नंदीशनं घरात विषय काढला तेव्हा अव्वा एकच शब्द बोलली. "बेड."

अव्वा मराठीत नको म्हणाली तर पुन्हा विचारायला जागा असते. कानडीत म्हणाली की विषय संपला. पण नंदीशही तिचाच मुलगा. तो म्हणाला, "बरं. कारहुणवीपातूर थांबतो. तवर रान नांगरलं गेलं तर झाडं ऱ्हातील. न्हाई तर कुमारला बोलवणार, मग माज्यावर रुसायचं न्हाई."

कारहुणवी म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, ज्येष्ठातल्या पुनवेचा. गावात जोड्या उरल्या थोड्या. त्या ज्याच्या त्याच्या रानात गुंतलेल्या. आणि हराळीच्या रानात आपले बैल कोण जुंपायला देतो? तेव्हा मामा नट आणायला म्हणून सोलापूरला गेले आणि वगारीएवढा ट्रॅक्टर घेऊन आले.

पूर्ण उन्हाळा मामा त्याच्यामागं होते. रिकाम्या गोठ्यात, जिथं बसव्या-चन्न्या बांधायचो तिथंच, त्यांनी त्याला उभा केला. पिस्टन जाम होता. दुसरा कुणी घण घेऊन बसला असता. मामांनी वरून डिझेल ओतलं, रोज सकाळी लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर हलक्या हातानं ठोकलं आणि पुन्हा झाकून ठेवलं. "जाम झाल्याला दम द्यायचा नसतो, येळ द्यायचा असतो," ते म्हणायचे. असे कितीतरी दिवस गेले. मी गिरणीत असताना एका सकाळी त्यांनी हाक मारली, मी पीठभरल्या हातानं पळत गेले, तर पिस्टन तांदळाच्या दाण्याएवढा सरकला होता. मामांनी मला तो दाणा असा दाखवला की मलाही टाळी वाजवावीशी वाटली.

कार्ब्युरेटर त्यांनी माझ्या चहाच्या पातेल्यात उकळला. त्यावरून आमचं भांडण झालं, आणि ते पातेलं आता गोठ्यातच राहतं. त्याच्या जोडावर बसवायचं पॅकिंग नंदीशच्या चुलत भावाच्या लग्नपत्रिकेतून कापलं, कारण असा जाड कागद बाजारात मिळत नाही म्हणे. मागच्या टायरना साखळ्या गुंडाळल्या. नांगर ओढताना मागची चाकं उचलू नयेत म्हणून वजन हवं होतं, तर माझ्या गिरणीचे झिजलेले दोन दगड मागं बोल्टनं बसवले. जुन्या फाळातून लोहाराकडून छोटासा नांगर करून आणला. पट्टा तेवढा नवा, इंजिनावरची ताकद चाकांकडं नेणारा. तो त्यांनी सोलापुरातून शोधून आणला आणि देवाच्या तसबिरीशेजारी खुंटीला अडकवून ठेवला.

माणसानं एखादी गोष्ट इतक्या मायेनं करावी आणि आपण ती बघावी, यासारखं सुख नाही. मी हे मामांना बोलले नाही. त्यांचं भाषण आणखी लांबलं असतं.

एक गोष्ट मात्र मला दिसत होती. त्यांचा उजवा खांदा गेला होता. इंजिन दोरी ओढून सुरू करायचं असतं, आणि सुरू होईपर्यंत ओढायचं असतं. आधी उजव्या हातानं ओढायचे, मग डाव्या. हल्ली भांगही डाव्या हातानं पाडायला लागले होते, म्हणून तो वाकडा पडायचा. मी विचारलं की म्हणायचे, "काय न्हाई गं, झोपंत दबलाय." अव्वाला हे दिसतंय की नाही, कळत नव्हतं. ती गोठ्यात यायचीच नाही. दारात उभी राहायची, बघायची, जायची. एकदा तेवढं म्हणाली, "दावणीला लोखंड बांदलंय."

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा गोठ्यातल्या चिमण्या उडाल्या. मामा त्याच्या आवाजाला कान लावून डोळे मिटून बसले. बंगल्यात होता तसाच आवाज आहे, म्हणाले. मग तो पुढं-मागं चालवून बघितला, चालला. ठरलं की कारहुणवीच्या आदल्या दिवशी नांगरायचं. दोन पाऊस होऊन गेले होते, रानाला वाफसा होता. सणाच्या दिवशी रानात लोखंड घालत नाहीत आणि सण झाला की पेरण्यांच्या धांदलीत कुमारला सवड नव्हती. नंदीशनं रजा काढली, आणि ठरल्याप्रमाणे कुमारलाही त्या दुपारी यायला सांगून ठेवलं. मला त्याचा राग आला. पण शब्द त्यानं आधीच दिला होता.

आता त्या आदल्या दिवसाचं सांगायला हवं. त्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे सुजलेले असतात, ते हळद-लोणी लावून चोळायचे. आणि बैलाच्या कानाशी सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." बैल गेल्यापासून अव्वा ह्या दिवशी नुसती बसून राहायची. पण यंदा सकाळी मी गिरणी उघडायला गेले आणि मामा अंघोळीला, तेवढ्यात ती वाटी घेऊन गोठ्यात शिरली.

लोखंडाला खांदा कुठला? तिनं आपल्या परीनं शोधला. चाकावरून वळून गेलेला, मानेसारखा दिसणारा पट्टा तिला सापडला. त्याला तिनं हळद-लोणी चोळलं. आतून, बाहेरून, पुलीच्या खाचेतसुद्धा. अव्वा कुठलंही काम अर्धवट करत नाही.

मामांनी ट्रॅक्टरचं तोंड मळ्याकडं करून इंजिन सुरू केलं. इंजिन गरजलं आणि ट्रॅक्टर जागचा हलला नाही. मामांनी जोर वाढवला. पुली फिरतेय, पट्टा नुसता घसरतोय. मग फोडणीचा वास सुटला, मग जळका, आणि शेवटी पट्टा तुटून विहिरीच्या कठड्यावर जाऊन पडला. पिवळा धमक. मी गिरणीतून पळत आले. मामा बोट पुलीवर फिरवत होते, ते त्यांनी नाकाशी नेलं.

माझं तोंड सुटलं. "अव्वा, काय केलंत हे? पट्ट्याला लोणी लावतंय व्हय कुणी? सगळा उन्हाळा त्यांनी जीव काढला, आन् तुमी फोडणी घातली त्येला. आन् मळणी सकाळी करत्यात का? तुमीच शिकवलंय मला, आदी काम, मग मळणी."

अव्वा हातात वाटी धरून उभी होती. म्हणाली, "पाच-सा वर्सं दावण रिकामी हुती गं. ऱ्हावलं न्हाई मला."

एवढंच. त्यावर काय भांडणार? मी भांडण अर्ध्यावर सोडून देणारी बाई नाही, पण ते सोडलं.

नंदीश हळूच म्हणाला, "जाऊ द्या मामा. कुमार येईलच." आपल्या बापाला तोही मामाच म्हणतो, लहानपणापासून ऐकून. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. झाडं तोडायची हौस त्यालाही नव्हती.

सोलापूरला जाऊन पट्टा आणायचा तर दिवस गेला असता. माझ्या गिरणीवर मात्र दोन पट्टे चालतात. एक काढला तर गिरणी बंद. आणि त्या दिवशी दारात सणाचे गहू घेऊन बायकांची रांग, होळगीसाठी, म्हणजे पुरणपोळीसाठी, आणि हुग्गीच्या खिरीसाठी. मी गेले, गिरणी थांबवली आणि पाना घेतला. रांगेत पहिली बजाबाई होती.

"गिरिजा, आमच्या बैलांनी काय हवा खायची का?" ती म्हणाली.

"आमचा बैल मदीच हुबा ऱ्हायलाय बजाबाई. त्येला आदी उटवते, मग तुमचं दळते."

"तुमचे बैल कवाच गेले की."

"नवा आणलाय. येऊन बगा पायजे तर."

हे मी रागात बोलले. पण बायकांनी ते खरंच मनावर घेतलं. मी पट्टा गळ्यात अडकवून मळ्यात पोचते तर मागं सगळी रांग, डोक्यावर डबे घेऊन.

पुली मी स्वतः पुसली. रॉकेल लावून, राख लावून, पुन्हा रॉकेल लावून. पट्ट्याची नस गिरणीवाल्याला कळते, खाचेत तेलाचा थेंब राहिला तरी तो घसरतो. पट्टा थोडा लांब निघाला. मामांनी इंजिनाचे बोल्ट सैल करून ते पुढं सरकवलं, मी अंगठ्यानं पट्टा दाबून ताण बघितला, आणखी पुढं म्हणाले, त्यांनी ते आणखी पुढं सरकवलं. मग आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि बास केलं. मामांनी डाव्या हातानं दोरी ओढली.

तो चालला. साखळ्यांनी माती धरली, मागचे दगड दबले आणि फाळ आत गेला. हराळीची गच्च गादी फाटत गेली आणि तिच्याखालून काळी ओली माती वर आली. पण पहिल्याच तासात, म्हणजे नांगराच्या पहिल्याच ओळीत, तो वाकडा जायला लागला, कारण जाड मुळ्या फाळाला एकीकडं ओढत होत्या. तेव्हा अव्वा पुढं आली. नव्या बैलाला पहिल्यांदा जुंपतात तेव्हा त्याच्या पुढं एक माणूस चालतो. अव्वा पदर खोचून ट्रॅक्टरच्या पुढं चालायला लागली. तोंड ट्रॅक्टरकडं, पावलं मागं मागं, आणि हातानं खूण, इकडं, इकडं. मामा तिच्याकडं बघून चाक फिरवायचे. तास सरळ झालं. आम्ही बघत राहिलो. कुणी हसलं नाही. सत्तरीची दोन माणसं आणि मधे ते फटफटणारं लोखंड, मला आजही ते आठवलं की ऊर भरून येतो.

कुमार मोठा ट्रॅक्टर घेऊन बांधावर आला तेव्हा आम्ही झाडांपाशी पोचलो होतो. नंदीश त्याच्याकडं गेला नाही. कुमारनं आपलं इंजिन बंद केलं आणि वरूनच बघायला लागला.

लिंब आणि सीताफळ यांच्यामध्ये वळायला जागा थोडीच आहे. आमची जोडी तिथं आरामात वळायची, पण ती तेव्हा, झाडं नव्हती तेव्हा. मामांनी चाक पूर्ण फिरवलं. त्यासाठी दोन्ही हात लागतात. मी त्यांचं तोंड बघितलं, ते पांढरं पडलं होतं, ओठ आत ओढलेले. चाक जड होतं आणि खांदा जागेवर नव्हता. तरी त्यांनी ते सोडलं नाही. ट्रॅक्टरची चाकं लिंबाच्या बुंध्याजवळून गेली, सीताफळाची एक फांदी मामांच्या टोपीला लागली, आणि तो वळून परत आमच्याकडं तोंड करून आला. झाडांचं पानही पडलं नाही. अव्वा पुढंच चालत होती, तोंड मामांकडं. तिनं सगळं बघितलं.

बांधावरून कुमार म्हणाला, "आयला, मॅनेजरच्या बंगल्यात शिकलाय त्यो, वळणार की." मग खाली उतरून जवळ आला, चाकाला हात लावला आणि म्हणाला, "मामा, माज्या लिंबोणीत बी असंच वळायला पायजे. मोटा शिरतच न्हाई. याल का?"

"बगू," मामा म्हणाले. एरवी एवढ्यावर त्यांचं अर्ध्या तासाचं भाषण झालं असतं.

दुपार कलताना मळा नांगरून झाला. बायका हराळीच्या मुळ्या वेचू लागल्या, आपणहून, मग मी सगळ्यांना अव्वाची लिंबं दिली. बजाबाई म्हणाली, आता दळ बाई. मी पट्टा काढायला ट्रॅक्टरपाशी वाकले. तो मामांनी पुन्हा गोठ्यात उभा केला होता, दावणीशी.

अव्वा वाटी घेऊन आली. सकाळचीच वाटी, त्यात थोडं लोणी उरलेलं.

"ह्येचा खांदा कुटं हाय गं?" तिनं मला विचारलं.

मी पट्टा हातात घेऊन तिला मागं नेलं. नांगर जिथं अडकवतो तो जाड आकडा दाखवला. "वजन हितं पडतंय अव्वा. हितं लावा. हितं काय बिगडत न्हाई."

तिनं त्या आकड्याला सावकाश हळद-लोणी लावलं. मग वाकून कुठं कान असेल असं वाटलं तिथं म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." ती हसली नाही. मीही नाही.

मामा गोठ्याच्या पायरीवर बसले होते. पाण्याचा तांब्या घ्यायला त्यांनी उजवा हात उचलला, तो अर्ध्यातून खाली आला, मग डावा पुढं केला. अव्वानं ते बघितलं. ती त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "सदरा काडा."

"आगं, सून हाय. बाया हायत. पोरगं बगतंय."

"बैल लाजतंय व्हय?" अव्वा म्हणाली. "काडा."

मामांनी सदरा काढला. खांदा सुजून लाल झाला होता. अव्वानं वाटीतलं उरलंसुरलं लोणी दोन बोटांनी निपटून घेतलं आणि तो खांदा चोळायला लागली, बसव्याचा चोळायची तसा, मानेपासून खाली, घाई न करता. दारात नंदीश खाली बघत उभा होता. मग चोळता चोळता अव्वा त्यांच्या कानाशी वाकली.

"आज आवतण घ्या," ती म्हणाली, "उद्या जेवायला या."

"येतो," मामा म्हणाले.

मला रडू आलं. पट्टा गळ्यात अडकवला आणि मी गिरणीकडं निघाले, बायका खोळंबल्या होत्या.